जुनी डिस्क, नवी डिस्क आणि खुलताबाद

परवा लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलली. जुनी मधूनच टकटक करायला लागली होती. असा आवाज आला की सगळं सोडून आधी आतला डेटा बाहेर काढावा. नवी एसएसडी केसिंगमध्ये घालून यूएसबीला जोडली, क्लोनिंग लावलं आणि पडद्यावरची पट्टी सरकताना बघत बसलो. अशा वेळी डोकं भलतीकडे जातं. माझं गेलं खुलताबादला.

खुलताबाद म्हटलं की आपल्याला आठवतो भद्रा मारुती, नाहीतर औरंगजेबाची साधी कबर. पण तिथे अमीर हसन सिज्जी या फारसी कवीचीही कबर आहे. दिल्लीत निजामुद्दीन अवलियांकडे जाऊन हा माणूस ऐकलेलं लिहून ठेवायचा. १३०८ ते १३२२, एकूण १८८ बैठकी! त्याचं पुस्तक झालं, 'फवाइद-उल-फुआद'. मला आवडते ती पुढची गोष्ट. काही पानं झाल्यावर त्याने ती खुद्द निजामुद्दीनना दाखवली. जे नीट कळलं नव्हतं तिथे कोरी जागा सोडली होती, ती त्यांनी भरून दिली. मनाने काहीतरी ठोकून देण्यापेक्षा कोरी जागा बरी.

१३२५ मध्ये निजामुद्दीन गेले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली आणि हसनही दख्खनेत आला. निजामुद्दीनांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब हेही आले. मग इथे रुक्नुद्दीन काशानी त्यांचं बोलणं टिपायला बसले, १३३२ पासून ते १३३७ मध्ये बुरहानुद्दीन जाईपर्यंत. तुघलकाची राजधानी दिल्लीला परत गेली, पण टिपून ठेवलेलं उरलं. कारण पुढच्या लोकांनी त्याच्या नकला केल्या. कागद जुना झाला की नव्या कागदावर, शेवटी छापखान्यात.

आपल्या डिस्कचंही तेच. १९५६ मध्ये आयबीएमची पहिली हार्ड डिस्क आली, तिच्यात ५० तबकड्यांवर जेमतेम ५ एमबी मावायचे. त्यानंतर किती प्रकार आले आणि गेले. एसएसडीसुद्धा अमर नाही, वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर तिच्यातलंही पुसलं जाऊ शकतं. टिकते ती नक्कल, वस्तू नाही.

असो. क्लोनिंग झालं, लॅपटॉप नव्या डिस्कवर सुरू झाला. लगेच जुनी पुसली नाही, आधी एकेक फोल्डर उघडून पाहिलं. आजीच्या ओव्यांच्या अकरा फाइल आहेत. त्यातल्या दोन मध्येच तुटतात, जुन्या डिस्कचा तेवढा भाग आधीच गेला होता.

मावशी, तू हे वाचत असशील तर ऐक. त्या दोन ओव्या तुला पाठ आहेत. मी वही घेऊन येतोय. तुटलेल्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत.