‘पूर्वी रात्री भीती नव्हती’: हे तपासायचं कसं?

“उल्हासनगरात पूर्वी रात्री भीती नव्हती, डान्स बार आले आणि सगळं बिघडलं.” अंबरनाथ-बदलापूरकडे हे वाक्य हमखास ऐकू येतं. मीही ते गृहीतक म्हणून वहीत लिहिलं होतं. गाईडने एकच विचारलं: ‘पूर्वी’ म्हणजे कधी?

खरी गोची तिथेच आहे. हे शहर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले आणि 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्ते आजही ‘कॅम्प 1 ते 5’ असेच. छावणीच्या आखणीवर बाजार, कारखाने, रिक्षा आणि मग बार चढले. म्हणजे उलट्या बाजूने घुसणाऱ्या बाइकचं खापर एकट्या बारवर फोडता येत नाही.

आता तारखा बघा. डान्स बारबंदी ऑगस्ट 2005 ची. हायकोर्टाने 2006 मध्ये ती रद्द केली, सुप्रीम कोर्टाने जुलै 2013 मध्ये तो निकाल कायम ठेवला. मूळ कायद्यात तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. तोच भेदभाव कोर्टात टिकला नाही. मी स्टॅटिस्टिक्सची, त्यामुळे मला त्यात आयता कंट्रोल ग्रुप दिसला. पण फार खूश होऊ नका. बंदीनंतर बरेच बार ‘ऑर्केस्ट्रा’ची पाटी लावून चालूच राहिले, मग ‘आधी’ आणि ‘नंतर’ वेगळं काढणार कसं?

दुसरा सापळा मद्यपी चालकांच्या आकड्यांचा. कलम 185 ची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. केसेस वाढल्या म्हणजे पिणारे वाढले असंच नाही. कदाचित नाकाबंदी वाढली असेल.

आणि सुरक्षितता कुणाची? शेवटच्या लोकलने उतरून शेअर रिक्षा शोधणारी मी घाबरते, ते खरंच आहे. पण बारमधून घरी जाणारी बाईही त्याच रस्त्यावर असते, आणि ती पोलिसांत जाईलच असं नाही. एसएनडीटी विद्यापीठाच्या अभ्यासाने या बायकांनाच प्रश्न विचारले. तो अभ्यास कोर्टातही चर्चेला आला. तुमच्या विषयात असा गप्प राहिलेला गट कोणता, ते प्रश्नावली छापण्याआधी शोधा. मी छापून मोकळी झाले होते!

सध्या माहिती अधिकाराचा अर्ज नव्याने लिहितेय. आधी फक्त केसेस मागितल्या होत्या. आता नाकाबंदी किती रात्री, किती वाजता आणि कुठल्या चौकात लागली, तेही मागतेय.