शेवटचा प्याला कधी घेतला? एका निदानाचा इतिहास

१/ एकोणिसाव्या शतकातील युरोपीय रुग्णालयांत हे दृश्य वारंवार दिसे. पाय मोडलेला मजूर दाखल होई. पूर्ण शुद्धीत, नीट बोलणारा. तिसऱ्या रात्री मात्र त्याचे हात थरथरू लागत, अंग घामाने निथळे, भिंतीवर नसलेले किडे त्याला दिसत. रुग्णालयात असे काय घडले होते? 🧵

२/ वैद्यांचे नेहमीचे उत्तर होते : मेंदूचा दाह. त्यावरचा रूढ उपचार म्हणजे शीर उघडून रक्त काढणे. आधीच क्षीण झालेला रुग्ण त्याने अधिकच खचे.

३/ १८१३ मध्ये केंट परगण्यातील वैद्य थॉमस सटन यांनी हा आजार दाहापासून वेगळा काढला आणि त्यास ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणजे कंपासह येणारा भ्रम, हे नाव दिले. त्यांची कसोटी उपचाराची होती : रक्त काढल्यास रुग्ण दगावतो, अफू देऊन झोप आणल्यास सावरतो, मग हा दाह कसा?

४/ १८१९ मध्ये फ्रान्समध्ये पिएर रेये यांनी या आजाराचे मद्याशी असलेले नाते ठामपणे मांडले. तरी खरा पेच उरलाच. आजार पिण्याने होतो की पिणे थांबल्याने? रुग्ण बहुधा कुपोषित, जखमी किंवा न्यूमोनियाने ग्रासलेला असे. दोष नेमका कशाला द्यावा? हा वाद शतकाहून अधिक काळ चालला.

५/ निर्णायक पुरावा १९५५ मध्ये आला. अमेरिकेतील केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल व सहकाऱ्यांनी १० माणसांना पोषक आहार व जीवनसत्त्वे देत रोज भरपूर मद्य दिले आणि मग ते एकाएकी बंद केले. ज्यांनी ४८ ते ८७ दिवस मद्य घेतले होते, त्यांच्यापैकी काहींना झटके आले, काहींना भ्रम झाला. कुपोषणाचा युक्तिवाद कोसळला. कारण होते ते मद्य थांबणे.

६/ हे ज्ञान निष्कलंक नाही. ही माणसे शिक्षा भोगणारी, पूर्वी मॉर्फिनच्या आहारी गेलेली होती. बंदिवानाची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न या प्रयोगास कायमचा चिकटलेला आहे.

७/ आज निदानाचा कणा म्हणजे घड्याळ. शेवटच्या प्याल्यानंतर काही तासांत कंप. साधारण ६ ते ४८ तासांत झटके. दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, वेगवान नाडी. म्हणून ‘किती पिता?’ इतकाच ‘शेवटचे कधी प्यायलात?’ हा प्रश्न महत्त्वाचा. तो मजूर तिसऱ्या रात्रीच का बिघडला, याचे उत्तर इथे आहे.

८/ हा इतिहास फार दूरचा नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत देशभर मद्यविक्री थांबली. केरळ सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि एप्रिलच्या आरंभी उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. २०० वर्षांपूर्वीचा पेच पुन्हा दारात उभा होता.

९/ असलेल्या विषाचा शोध घेणे सोपे; नसलेल्या गोष्टीने माणूस मरू शकतो, हे उमगायला शतके लागली. घरात कोणी दीर्घकाळ, रोज पीत असेल, तर ‘मनावर घे, आजपासून बंद कर’ एवढेच सांगून थांबू नका. दारू सोडायचीच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि थांबल्यावर तो बरळू लागला, तर ते नाटक समजू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.