बिडाचा कीस आणि बंगालचे पाणी

मंडळी, गढूळ पाण्यात तुरटी फिरवली म्हणजे ते निवळते, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण दिसायला नितळ, चवीला गोड अशा पाण्यातच विष विरघळलेले असले तर? हा प्रश्न गेल्या शतकात बंगालपुढे उभा राहिला, आणि त्याचे एक उत्तर कारखान्याच्या केरात सापडले. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

त्याआधी थोडे मागे जाऊ. १७८५ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे टोबियस लोवित्स या रसायनज्ञाला असे आढळले की, रंगीत द्रावणात लाकडी कोळशाची पूड घातली म्हणजे रंग नाहीसा होतो. तो जातो कुठे? कोळशाच्या अंगाला चिकटून बसतो! कापूस पाणी पितो तसे हे शोषणे नव्हे. या क्रियेला आपण अधिशोषण म्हणतो. पुढे १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांच्या कोळशासाठी अमेरिकेत घरोघरच्या फळांच्या बिया आणि टरफले गोळा केली गेली. टाकाऊ वस्तू प्राणाची राखण करू लागली.

आता बंगालकडे वळू. तळ्या-नद्यांचे पाणी पिऊन पटकी-हगवणीने माणसे दगावत, म्हणून १९७० नंतर बांगलादेशात गावोगाव नळविहिरी खोदल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. परंतु १९८३ साली कोलकात्याच्या डॉक्टरांना पश्चिम बंगालमधील खेडुतांच्या कातडीवर काळे डाग आणि तळहातांवर घट्टे दिसले. कारण निघाले आर्सेनिक. ज्याच्यापासून सोमल होतो तेच. १९९३ साली बांगलादेशातील चापाई नवाबगंज येथील विहिरींतही ते सापडले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा अवघा शंभरावा भाग. कित्येक विहिरींत याच्या अनेकपट विष होते. ना रंग, ना वास. आणि पाणी उकळूनही ते जात नाही.

हे विष कोणी कालवले? कोणीच नाही. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या गंजाला आर्सेनिक चिकटलेले असते. जमिनीच्या पोटात हवा नाही. तिथे जंतूंच्या क्रियेने तो गंज विरघळतो आणि धरून ठेवलेले विष पाण्यात सुटते.

मग उलट केले तर? पाण्याला पुन्हा ताजा गंज दिला तर? मूळचे कुष्टियाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अबुल हुसाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच मार्ग धरला. लेथवर ओतीव लोखंड, म्हणजे आपले बीड, कातताना जो कीस पडतो तो त्यांनी घेतला. तिवईवर एकाखाली एक तीन कळशा ठेवल्या. बंगालीतही त्यांना ‘कोलशी’च म्हणतात बरं का! वरच्या कळशीत कीस आणि वाळू, मधलीत कोळसा, वाळू व विटांचे तुकडे, खालचीत प्यायचे पाणी. किसावर गंज चढे आणि आर्सेनिक त्याला घट्ट चिकटे. लोखंडाने सोडलेले विष लोखंडानेच पुन्हा धरले.

पण काम एवढ्यावर भागले नाही. काही काळाने कीस आळून त्याचा गठ्ठा होई आणि पाणी अडे. तेव्हा किसावर प्रक्रिया करून न आळणारा सच्छिद्र थर तयार करण्यात आला. त्यातून झालेल्या ‘सोनो’ गाळणीला २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीकडून १० लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात शाईच्या पाण्यात कोळशाची पूड घालून ते गाळून दाखवा. मुले चकित होतील. मात्र लगेच हेही सांगा की, रंग गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. ज्या कोळशाला शाई चिकटते त्याला आर्सेनिक फारसे चिकटत नाही; त्याला लोहाचा गंजच लागतो. कोणते विष आहे हे तपासल्याशिवाय गाळणी निवडता येत नाही, आणि गाळणी बसवल्यावरही पाणी वरचेवर तपासावेच लागते. विष धरून बसलेला जुना कीस शेतात किंवा ओढ्यात टाकून कसे चालेल? केराचे सोने होते खरे, पण तपासणीची कसोटी हाती असेल तरच.