जुन्नरच्या लेखांतील ‘तेविज’ : सिद्धीचा दावा आणि संघाचा नियम

कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या जुन्नर-आंबेगावच्या प्रदेशात ध्यानसाधनेची परंपरा फार जुनी आहे. नाणेघाटाने कोकणाशी जोडलेल्या जुन्नरच्या भोवती, शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री इत्यादी डोंगरांत, साधारणपणे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदली गेली. तेथे तीसहून अधिक ब्राह्मी लेख आढळले आहेत. साधकांच्या या निवासस्थानांतील लेख साधनेच्या फलाविषयी काय सांगतात, हे पाहणे उद्बोधक आहे.

ते जवळजवळ काहीच सांगत नाहीत. कल्याणच्या सुलसदत्ताने लेण्याद्रीचे चैत्यगृह दिले. इरिल नामक यवनाने पाण्याची दोन टाकी आणि चिट नामक यवनाने भोजनमंडप दिला. नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये टाके व मंडप करविला. बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांचाही उल्लेख येतो. दात्याचे नाव, वस्तू आणि ‘देयधम’ हा शब्द, एवढ्यावर लेख बहुधा संपतो.

या मौनामागे संघाचा नियम असणे संभवनीय आहे. अंगी नसलेल्या ‘उत्तरिमनुष्यधर्मा’चा, म्हणजे अलौकिक अवस्थेचा, जाणूनबुजून दावा करणे हा विनयातील चौथा पाराजिक अपराध होय, त्याबद्दल भिक्षू संघातून कायमचा बाद होतो. अवस्था खरोखर प्राप्त झाली असली, तरी ती गृहस्थांपुढे सांगणे हाही दोषच मानला आहे. पाली विनयातील या नियमाची उत्पत्तिकथा मार्मिक आहे. वज्जी देशात दुष्काळ पडला असता वग्गुमुदा नदीकाठच्या भिक्षूंनी गृहस्थांपुढे एकमेकांच्या सिद्धींची स्तुती केली, भिक्षा भरपूर मिळविली आणि ते पुष्ट झाले. दावा आणि दान यांचा संबंध संघाने इतक्या लवकर ओळखला होता.

याला जुन्नरमध्ये एक लक्षणीय अपवाद आढळतो. एका लेखात गणाचार्य स्थविर सुलस आणि त्यांचे शिष्य चेतियस या दोघांनाही ‘तेविज’ म्हटले आहे. या शब्दाचा मूळ संस्कृत पर्याय ‘त्रैविद्य’. ब्राह्मणांच्या संदर्भात त्याचा अर्थ तीन वेद जाणणारा. बौद्ध ग्रंथांत मात्र पूर्वजन्मांचे स्मरण, दिव्यचक्षू आणि आस्रवक्षय या तीन विद्या ज्याला प्राप्त झाल्या तो तेविज्ज. हे पद येथे ‘त्रिपिटकाचा जाणकार’ अशा अर्थानेही घेतले गेले आहे. विद्वत्ता की सिद्धी, याचा निर्णय केवळ शब्दावरून होत नाही.

शिवाय हे पद आदरार्थी षष्ठी बहुवचनात, नावांना जोडून येते. त्या आचार्यांनी ते स्वतःविषयी उच्चारलेले नाही. म्हणून नियमभंग झाला नाही, असे कोणी म्हणेल. परंतु वग्गुमुदेच्या भिक्षूंनीही आपली नव्हे, परस्परांचीच स्तुती केली होती. तात्पर्य, ‘तेविज’ हा प्रतिष्ठेचा पुरावा होय, प्राप्तीचा नव्हे.

हा भेद आजही उपयोगी आहे. ‘ट्रान्सेन्डेन्टल मेडिटेशन’ हे नाव विसाव्या शतकात व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले आणि त्याच चळवळीने १९७० च्या दशकात ध्यानाने अधांतरी उठण्याची ‘सिद्धी’ शिकविण्यास घेतली. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणे महाराष्ट्राने २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये दंडनीय ठरविले. कायदा फसवणूक झाल्यावर येतो. विनयाने मात्र दाव्यालाच बंधन घातले होते. ध्यानाचे मूल्य नाकारण्याचा हा प्रश्न नाही. साधकाला दिलेली पदवी कोणी दिली, कोणापुढे दिली आणि तीतून कोणाला काय मिळाले, हे आधी तपासावे, इतकेच जुन्नरचे लेख शिकवितात.