कबुतर मातीचं झालं तेव्हा

अमेरिकेतल्या नेमबाजीची कुळकथा बहुधा जंगलापासून सांगितली जाते: शिकारीवर पोट होतं, त्यासाठी नेम अचूक लागायचा, आणि त्या गरजेतूनच पुढे खेळ जन्माला आला. यात तथ्य आहे, पण अर्धंच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेडोपाडी टर्कीवर नेम धरण्याच्या शर्यती लागत. जेम्स फेनिमोर कूपरच्या 1823 सालच्या ‘द पायोनियर्स’ कादंबरीत नाताळातली अशी शर्यत आहे. पैसे मोजून एकेक बार काढायचा आणि नेम लागला तर पक्षी घरी न्यायचा. करमणूक होती, पण तिचं बक्षीस शेवटी चुलीवरच चढत होतं. नेमबाजीला घरोघरचा छंद आणि तिकीट लावून दाखवायचा खेळ हे रूप आलं ते लक्ष्य निर्जीव झाल्यावर, आणि ते निर्जीव होण्यामागे भूतदयेपेक्षा टंचाई, कारखाना आणि रंगमंच यांचा हात मोठा होता, असं मला वाटतं.

इंग्लंडहून आलेल्या ‘ट्रॅप’ शर्यतीत पेटीतलं कबुतर दोरी ओढून मोकळं सोडत आणि ते उडताच बार काढत. अमेरिकेत यासाठी जाळ्यांनी पकडलेली रानटी ‘पॅसेंजर’ कबुतरं आगगाडीने शहरांत येत. 1881 साली न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या एकाच मेळाव्यासाठी अशी सुमारे 20,000 कबुतरं आणली होती. हा पुरवठा टिकणारा नव्हता; या जातीचं शेवटचं कबुतर 1914 साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. पर्याय मात्र आधीपासूनच शोधले जात होते. कॅप्टन ॲडम बोगार्डस या नामांकित नेमबाजाने 1877 साली काचेचे गोळे उडवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. गुळगुळीत काचेवरून छर्रे निसटत, म्हणून गोळ्यांच्या पृष्ठभागावर उठावाची नक्षी असे. काही गोळ्यांत पिसं भरलेली असत, म्हणजे गोळा फुटला की ती हवेत उधळायची. पण गोळा झेपावत नाही, नुसता वर जाऊन खाली येतो. 1880 साली सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्कीने भाजलेल्या मातीची पसरट चकती काढली; ती गिरक्या घेत पक्ष्यासारखी हवा कापत जाई. सुरुवातीच्या चकत्या इतक्या कडक होत्या की छर्रे लागूनही फुटत नसत. पुढे डांबर आणि चुनखडीच्या मिश्रणाने ती अडचण सुटली. माझ्या दृष्टीने इथे निर्णायक गोष्ट घडली. जिवंत कबुतर कधी सुसाट सुटतं, कधी पेटीशीच बसून राहतं. चकती जवळपास तशीच पुन्हा पुन्हा उडवता येते. त्यामुळे ओहायोतल्या क्लबातले गुण न्यूयॉर्कच्या गुणांशी ताडून पाहता येऊ लागले, आणि चकत्या, फेकयंत्रं, काडतुसं यांचा धंदा वाढला.

यावर कोणी म्हणेल की हे श्रेय भूतदयेचं आहे. प्राण्यांच्या छळाविरुद्ध झटणाऱ्या हेन्री बर्ग यांनी कबुतरांच्या शर्यतींविरुद्ध चिकाटीने लढा दिला, आणि न्यूयॉर्क राज्यात त्यांवर बंदीही आली. तो लढा मोलाचा होता, हे निःसंशय. पण बंदी 1902 सालची आणि चकती 1880 सालची. मधली बावीस वर्षं दोन्ही प्रकार शेजारीशेजारी चालले. ‘ग्रँड अमेरिकन’ ही मोठी स्पर्धा 1893 साली जिवंत कबुतरांवरच सुरू झाली, आणि चकत्यांवरची तिची आवृत्ती 1900 साली निघाली, म्हणजे बंदीच्या आधीच. कायद्याने जे थांबवलं, त्याची जागा घेणारा खेळ तोवर उभा राहिलेला होता. दुसरा आक्षेप असा की नेमबाजी ही मुळात लष्कराची तयारी. यादवी युद्धातला सैनिकांचा कच्चा नेम पाहून 1871 साली ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ निघाली, हे खरंच. पण 1874 साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरच्या मैदानावर आयर्लंडच्या संघाला अमेरिकनांनी 934 विरुद्ध 931 असं हरवलं, तेव्हा तिथे लोटलेली हजारोंची गर्दी कवायत बघायला आलेली नव्हती. एका आयरिश नेमबाजाची गोळी शेजारच्या लक्ष्यावर लागली आणि सामना तेवढ्यानेच फिरला. ही चुरस त्या गर्दीला हवी होती.

प्रसिद्ध नेमबाज ॲनी ओकलेकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. ओहायोतल्या गरीब घरातली ही मुलगी लहानपणी शिकार विकून घराला हातभार लावायची. बफेलो बिलच्या फिरत्या खेळातून बोगार्डस बाहेर पडल्यावर, 1885 साली, ती त्या खेळात आली. तिनेही जिवंत कबुतरांच्या शर्यती खेळल्या, पण रोजच्या प्रयोगात हजारो प्रेक्षकांपुढे ती फोडायची ते काचेचे गोळे. रक्त सांडत नसल्याने या खेळाला बायकामुलांसह येता आलं. उतारवयात नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टच्या हॉटेलात ओकलेने सुट्टीवर आलेल्या कितीतरी बायकांना बंदूक धरायला शिकवलं. यांतल्या बहुतेकींना शिकारीची गरज नव्हती आणि युद्धावरही जायचं नव्हतं; हवेत उडालेली चकती फोडायची, एवढ्याचसाठी त्या शिकत होत्या.