मात्रा एकच, इजा वेगवेगळी

भंडारा जिल्ह्यातील शिक्षकांना सिकलसेल हा आजार नव्याने सांगायला नको. रक्ततपासणीत एखाद्या मुलाचा अहवाल 'एएस' येतो, एखाद्याचा 'एसएस'. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला वाहक सहसा निरोगी असतो. दोन्ही प्रती सदोष असल्या की आजार होतो. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. किरणोत्सर्ग सोसण्याच्या बाबतीतही माणसामाणसांत असा जन्मजात फरक असतो का? याचे उत्तर कसे मिळत गेले, ते आपण पाहू.

क्ष-किरणांमुळे आनुवंशिक बदल घडतात, हे मुलर यांनी १९२७ साली फळमाशीवर दाखवले. माणसाची गुणसूत्रे ४६ असतात, हे मात्र १९५६ साली कळले. १९६०च्या सुमारास राजम्यासारख्या घेवड्यातील एका द्रव्याने पांढऱ्या रक्तपेशींचे विभाजन घडवण्याची रीत सापडली आणि थोड्याशा रक्तातून गुणसूत्रे पाहता येऊ लागली. किरणांनी तुटलेली दोन गुणसूत्रे चुकीची जुळली, की दोन गुणसूत्रबिंदू असलेले विचित्र गुणसूत्र तयार होते. अशी गुणसूत्रे मोजून किरणांची मात्रा ठरवता येते. गृहीत असे, की मात्रा सारखी तर इजाही साधारण सारखी.

१९६७ साली या गृहीताला अपवाद दिसला. 'अटॅक्सिया तेलंजिएक्टेशिया' हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्या एका कर्करुग्ण मुलावर क्ष-किरणोपचाराची अनपेक्षित, तीव्र प्रतिक्रिया झाल्याचे नोंदले गेले. १९७५ साली टेलर व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या पेशीच किरणांना फार संवेदनशील असल्याचे दाखवले. १९९५ साली इस्राएलमधील शिलो यांच्या गटाला 'एटीएम' हे जनुक सापडले. त्याचे प्रथिन डीएनए तुटल्याची वर्दी देते आणि दुरुस्ती होईपर्यंत पेशीविभाजन थांबवते. येथेही दोन्ही प्रती सदोष असल्या तरच हा आजार होतो. वाहक सहसा निरोगी दिसतात, पण वाहक स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळतो.

मग कामगारांची तपासणी करून 'नाजूक' माणसे वेगळी काढावीत काय? सिकलसेलच्या अहवालावरून लग्ने मोडतात, हे आपण जाणतो. कर्करुग्णाला किरणोपचाराआधी अशा आजाराचे निदान झाले, तर ते जीव वाचवते. तीच चिठ्ठी नोकरी नाकारण्यासाठी वापरली, तर ते विज्ञान राहत नाही. वर्गात जनुके शिकवताना हा फरकही शिकवायला हवा.