दिनविशेष : १० फेब्रुवारी १९७१ – ‘टॅपेस्ट्री’

जिने साठच्या दशकात, पती जेरी गॉफिन यांच्या शब्दांना चाली लावून, शिरेल्सपासून अरेथा फ्रँकलिनपर्यंत अनेकांच्या मुखी लोकप्रिय गीते घातली, तिचा स्वतःचा कंठ मात्र श्रोत्यांना जवळजवळ अपरिचितच राहावा, ही विसंगती कॅरोल किंग यांच्या आजच्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या ‘टॅपेस्ट्री’ या तबकडीने कायमची निकालात काढली. घटस्फोटानंतर दोन मुलींसह त्या न्यूयॉर्कचा परिसर सोडून लॉस एंजेलिसला आल्या होत्या. १९७० च्या ‘रायटर’ या पहिल्या एकल तबकडीची फारशी कोणी दखल घेतली नव्हती. पुढे हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत निर्माते लू ॲडलर यांनी वाद्यवृंदाचा सारा बडेजाव वर्ज्य करून किंग यांचा पियानो आणि त्यांचा किंचित खरखरीत, निरलंकृत आवाज यांनाच अग्रमान दिला. आणि या कृतीच्या यशाचे खरे मर्म, आमच्या मते, ह्याच संयमात आहे. गिटारीच्या साथीला जेम्स टेलर होते. आवरणावरचे छायाचित्रही घरगुतीच : खिडकीशी अनवाणी बसलेल्या किंग, आणि पुढ्यात त्यांची मांजर! (तारांकितांच्या झगमगाटाला सरावलेल्या हॉलिवूडात हेही धाडसच.) ही तबकडी अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत सलग १५ आठवडे अग्रस्थानी राहिली, १९७२ च्या ग्रॅमी समारंभात किंग यांना चार पारितोषिके मिळाली, त्यांत वर्षातील सर्वोत्कृष्ट गीताचेही होते, आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. २००३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘टॅपेस्ट्री’ची नोंद आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण दप्तरात केली.